पुडी, पन्नी आणि अंगण

१९८४-८५ चा सुमार. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांत एकच तक्रार ऐकू येत होती : पोरगा जेवत नाही. ताट वाढलं की उठून जातो, आंघोळीचं नाव काढलं की अंगावर येतो, संडासात तास तास बसतो. अभ्यासाचा ताण असेल, प्रेमप्रकरण असेल, कावीळ तर नसेल? आईवडील आपापल्या परीनं कारण शोधत, डॉक्टर टॉनिक लिहून देत. मग एक दिवस गादीखाली सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद सापडे. एका बाजूनं जळून काळा पडलेला, आणि त्यावर तपकिरी रंगाची ओघळून वाळलेली रेघ. घरातल्या कुणालाच त्याचा अर्थ लागत नसे.

त्या कागदाला पन्नी म्हणत आणि त्यावर जाळायच्या पुडीतल्या भुकटीला गर्द. इंग्रजी नाव ब्राउन शुगर. मुळात अशुद्ध हेरॉइन. फारसीत गर्द म्हणजे धूळ. मराठीनं हा शब्द झटकन उचलला आणि त्यावरून 'गर्दुल्ला' हा आणखी एक शब्द पाडला, जो आज तीस-चाळीस वर्षांनंतरही पुलाखाली झोपलेल्या कुणाही कळकट माणसाला आपण सहज चिकटवतो. अफूपासून निघालेल्या सगळ्याच पदार्थांची खूण अशी की भूक मरते आणि आतडी थंडावतात. आईला न जेवलेलं ताट दिसत होतं ते उगाच नव्हे. रोगाचं पहिलं लक्षण तिलाच कळलं होतं. त्याचं नाव तेवढं तिला ठाऊक नव्हतं.

ही पूड इथं पोचली कशी, याची मुळं पुण्यापासून फार लांब आहेत. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि इराण या पट्ट्यात अफू पूर्वापार पिकत होती. १९७९ हे एकच वर्ष तिथं तीन धक्के देऊन गेलं. इराणात क्रांती झाली. पाकिस्तानात जनरल झियांनी इस्लामी कायदे आणून अफूच्या खुल्या विक्रीवर बंदी घातली. आणि डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पश्चिमेकडे जाणाऱ्या जुन्या वाटा अडल्या, लढाईला पैसा हवा होता, आणि कच्च्या अफूपेक्षा तिचं हेरॉइन करून नेणं सोयीचं होतं. वजन कमी, भाव कितीतरी जास्त. हा माल युरोप-अमेरिकेकडे निघाला तो पाकिस्तानातून भारतात उतरून, मुंबईच्या बंदरातून आणि विमानतळावरून. ज्या गावातून माल जातो त्या गावात तो थोडा सांडतोच. चांगला माल पुढं गेला, गाळ मुंबईत राहिला. त्या गाळाची पुडी सुरुवातीला इतकी स्वस्त होती की कॉलेजातल्या पोराच्या हातखर्चात सहज बसे. सवय लागली की भाव वाढत.

मुंबई तेव्हा आतून हललेली होती. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि गिरणगावातल्या किती चुली त्यानं विझवल्या, ते पुढं कथा-कादंबऱ्यांतून आलंच आहे. तरी गर्द फक्त बेकारांच्या वस्तीत शिरलं असं मानणं सोयीचं असलं तरी खरं नाही. ते बंगल्यांत गेलं, चाळींत गेलं, होस्टेलांत गेलं. १९८५ साली देशात अमली पदार्थांविरुद्ध नवा, कडक कायदा आला. पुडी विकणाऱ्याला दहा-दहा वर्षांची शिक्षा ठरली. पुडीवाचून तडफडणाऱ्या पोराचं काय करायचं, याला उत्तर देणारं ठिकाण मात्र जवळपास नव्हतंच. इस्पितळं घेत नसत, घेतलं तर चार दिवसांत पोरगा पळून जाई. काही घरांनी मुलांना साखळीनं बांधून ठेवलं. पोलिसात देणारे बापही होते.

या गोष्टीत अनिल अवचट शिरले ते एका परिचितांच्या मुलामुळे. अवचट मूळचे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले आणि डॉक्टरकी सोडून लिहू लागले. हमाल, तंबाखूच्या वखारींतल्या बायका, दुष्काळात निघालेले तांडे अशा माणसांजवळ जाऊन बसायचं, त्यांचं ऐकायचं आणि घरी येऊन साध्या बोलीत लिहून काढायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा, ज्यांना पुढं सगळे डॉ. अनिता अवचट म्हणून ओळखू लागले, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. नवऱ्यानं लिहावं म्हणून घर चालवायचं काम त्यांनी आपल्या नोकरीवर घेतलं होतं. अवचटांनी ते कधी लपवलं नाही, उलट कौतुकानं लिहून ठेवलं.

ओळखीच्या घरातला मुलगा गर्दच्या नादाला लागला म्हटल्यावर अवचट त्याच्यामागोमाग त्या जगात गेले. मुंबईचे अड्डे पाहिले, ओढणाऱ्यांशी बोलले, आयाबापांशी बोलले. त्यातून लेखमाला झाली आणि पुढं 'गर्द' हे पुस्तक. आज ते वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यात उपदेश जवळजवळ नाही. पोरं चोऱ्या का करतात, आईच्या बांगड्या कशा उतरवून नेतात, पुडी मिळाली नाही तर अंगात काय होतं, हे सगळं हिशेबाच्या वहीसारखं येतं. ओढणारे त्या यातनेला 'टर्की' म्हणत. नाक-डोळे गळू लागतात, हाडं मोडल्यासारखी दुखतात, अंगावर काटा येतो, जुलाब लागतात, रात्रंदिवस झोप नाही. पाच-सात दिवस हे चालतं. मरण बहुधा येत नाही, पण त्या दिवसांत माणूस ते मागतो.

लेख वाचून महाराष्ट्र हादरला, असं लिहायची पद्धत आहे. हादरले असतीलही; पण हादरून वर्तमानपत्राची घडी घालणारेच अधिक असतात. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी घडी घातली नाही. या मुलांसाठी काही करणार असाल तर आमच्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देतो, असा त्यांचा प्रस्ताव आला. १९८६ चे एक लाख ही मोठी रक्कम होती. त्याहून मोठी अडचण अशी की पैसे देणारा दारात उभा होता आणि घेणाऱ्यांपाशी संस्था नव्हती, जागा नव्हती, अशा रुग्णांना सांभाळण्याचा अनुभवही नव्हता. अवचट लिहिणारे. पुढचा भार पडणार होता डॉ. अनितांवर, आणि तो त्यांनी घेतला. यातून पुढं उभं राहिलेलं मुक्तांगण म्हटलं की मराठी माणसाला आधी अवचट आठवतात, कारण गोष्ट त्यांनी सांगितली. पण संस्था उभी केली ती बाईंनी, असं माझं मत आहे, आणि अवचट स्वतःही तेच सांगत आले.

जागा मिळाली ती मनोरुग्णालयाच्याच आवारात. आता पुण्यात 'येरवडा' या शब्दाला काय वजन आहे, हे पुण्याबाहेरच्यांना सांगायला हवं. एका बाजूला तुरुंग, दुसऱ्या बाजूला वेड्यांचं इस्पितळ. भांडणात 'याला येरवड्याला नेऊन टाका' म्हटलं की दोन्हींपैकी कुठं, हे विचारायची गरज पडत नसे. अशा ठिकाणी आपला मुलगा आणून सोडायला कोण तयार होईल? तरी २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं आणि लोक आले. दुसरीकडे जायला वाटच नव्हती.

सुरुवातीच्या त्या दिवसांत ठरलेल्या दोन-चार गोष्टींवर पुढचं सगळं उभं राहिलं. पहिली म्हणजे भाषा. आलेल्या माणसाला रुग्ण म्हणायचं नाही, व्यसनी तर नाहीच, रुग्णमित्र म्हणायचं. हे ऐकायला गोडगोड वाटतं, आणि अशा शब्दांची मला एरवी थोडी चीडच आहे. पण गर्दुल्ला हा शब्द ज्या समाजात शिवीसारखा फिरत होता, तिथं दुसरा शब्द ठरवून वापरणं ही उपचाराचीच पहिली मात्रा होती. दुसरी गोष्ट, मारहाण नाही. त्या काळात व्यसन सोडवायच्या नावाखाली काय काय चाले, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना याची किंमत कळेल. तिसरी, झाडलोट, भांडी, स्वयंपाक ही कामं राहणाऱ्यांनीच करायची. घरी पाण्याचा पेला न उचललेला पोरगा इथं हातात खराटा घेई.

या तिसऱ्या गोष्टीपाशी थोडं थांबू. टर्कीचे दिवस सरले की शरीर आपली थकबाकी वसूल करू लागतं. महिनोन्महिने मेलेली भूक एकदम जागी होते. दोन दिवसांपूर्वी पाण्याचा घोट ओकणारा माणूस पाच-सहा पोळ्या खातो आणि आणखी मागतो. तेव्हा स्वयंपाकघर ही तिथली बिनमहत्त्वाची जागा कशी असेल? कणीक मळणारे हात काल पन्नी धरत होते. शेजारी वरण ढवळणारा आधीच्या तुकडीतला. नवा माणूस उलट्या करत पडलेला असतो तेव्हा त्याला पेज भरवणारा माणूस तीच टर्की भोगून उठलेला असतो. डॉक्टरनं 'हेही दिवस जातील' म्हणणं वेगळं आणि याच्या तोंडून ते ऐकणं वेगळं.

त्यातूनच चौथी, आणि माझ्या मते सगळ्यांत दूरवर गेलेली गोष्ट आली. बरे झालेले लोक कामाला घेतले गेले. कुणी समुपदेशक झाला, कुणी कार्यालय सांभाळू लागला, कुणी गावोगावच्या पाठपुराव्याला जाऊ लागला. ही कल्पना तशी नवी नव्हती. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअर-दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही अट्टल दारुडे, एकमेकांशी बोलता बोलता प्यायचं टाळू शकले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस निघाली. 'फक्त आजचा दिवस' हे तिचं सूत्र मराठी बैठकांत आता अगदी घरचं झालंय. १९६० मध्ये लॉस एंजेलिसला हीच पद्धत उचलून खाण्यावर ताबा नसणाऱ्यांनी आपला गट काढला, ओव्हरईटर्स ॲनॉनिमस. दारू सोडता येते. जेवण सोडता येत नाही. म्हणजे त्यांना तोच शत्रू रोज तीनदा ताटात वाढून घ्यायचा होता.

खाण्याच्या विकारांचा उल्लेख विषयांतर म्हणून करत नाही. न खाऊन स्वतःला झिजवण्याच्या विकाराला लंडन-पॅरिसच्या डॉक्टरांनी १८७३ च्या सुमारास नाव दिलं होतं, तरी शंभर वर्षं तो इस्पितळाच्या चार भिंतींतच राहिला. १९७६ मध्ये शिकागोजवळच्या हायलंड पार्कमध्ये व्हिव्हियन मीहान या परिचारिकेच्या मुलीनं जेवण टाकलं. स्वतः वैद्यकीय पेशातली असून तिला याबद्दल ना माहिती मिळेना, ना सारख्या दुःखाची माणसं. तिनं शोधायला सुरुवात केली आणि तिच्या घरातूनच अमेरिकेतली अशी पहिली संस्था उभी राहिली. सात वर्षांनी, फेब्रुवारी १९८३ मध्ये गायिका कॅरेन कार्पेंटर याच विकारानं वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेली, तेव्हा कुठं देशभर लोकांना हा आजार असतो हे कळलं. आता हे येरवड्याशेजारी ठेवून पाहा. एका घरातलं न जेवलेलं ताट, वैद्यकीय शिक्षण घेतलेली एक बाई, कुठंच न मिळणारं उत्तर, आणि मग एखाद्या नावाजलेल्या माणसामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे वळणं. पदार्थ निराळा, देश निराळा. संस्थेचा जन्म मात्र एकाच धाटणीचा. सरकारी फायलीतून या संस्था निघाल्या नाहीत. घरात किंवा ओळखीत ज्यांनी हे जळणं जवळून पाहिलं त्यांनी त्या काढल्या.

मुक्तांगणची वाढ पाहायची तर खाटांचा आकडा न मोजता, दार कुणाकुणासाठी उघडत गेलं ते पाहावं. सुरुवात गर्द ओढणाऱ्या पोरांपासून झाली. लवकरच लक्षात आलं की दाराशी येणाऱ्यांत दारूवालेच जास्त. गर्द नवं होतं म्हणून त्याची बातमी झाली. दारू घराघरात मुरलेली होती म्हणून तिची बातमी होत नव्हती. महाराष्ट्रात कायद्यानं १९४९ पासून दारूबंदीच आहे आणि परवान्यावर दारू वाहते आहे, ही आपली जुनी गंमत. मग पस्तीस दिवसांचा निवासी उपचार ठरला. पहाटे योगासनं, प्राणायाम, मग गटात बसून बोलणं, व्याख्यानं, संगीत, कामं. अवचट स्वतः येऊन कागदाच्या घड्या घालून पक्षी करायला शिकवत, बासरी वाजवत. त्यांना तिथं सगळे 'बाबा' म्हणत. मुंबईतले तरुण मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यात ओढले गेले. पुढं १९९० मध्ये त्यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था काढली, जिचा वेध आणि व्याप दोन्ही आज मोठे आहेत. मराठी मध्यमवर्ग मनाच्या आजारांवर उघडपणे बोलायला शिकला त्यात या पुणे-ठाणे जोडीचा वाटा किती, हे कधीतरी कुणी नीट लिहायला हवं.

दारूवाल्यांपाठोपाठ त्यांच्या बायका आल्या. पस्तीस दिवस नवरा आत आणि बायको बाहेर. तिचं काय? पगाराच्या दिवशी दारात उभी राहणारी, मार खाणारी, सासरच्यांकडून 'तुलाच नवरा सांभाळता येत नाही' हे ऐकणारी. आणि तो चांगला होऊन घरी आला तरी त्याच्या शर्टाचा वास घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही. त्याचा आजार हळूहळू तिच्यात उतरलेला असतो. तिच्यासाठी 'सहचरी' गट निघाला. अशा बैठकीत नवीन आलेली बाई पहिल्या दिवशी बहुधा फक्त नवऱ्याबद्दल बोलते. तिला स्वतःबद्दल बोलता यायला बरेच आठवडे लागतात. ती मध्येच भाजीची पिशवी आवरते, पदर सारखा करते, पण शेजारची बाई हुंदका आवरत नाही, आणि मग कुणीच आवरत नाही. नवऱ्यानं पिणं सोडो न सोडो, ती तिच्या पायावर उभी राहायला हवी, हा विचार त्या काळात धीटच होता.

डॉ. अनितांना याच काळात कर्करोग झाला. आजार लपवायचा नाही आणि त्याचा बाऊही करायचा नाही, ही शिकवण त्या रुग्णमित्रांना देत आल्या होत्या. ती आता त्यांना स्वतःला लागू करावी लागली. त्या काम करत राहिल्या. १० फेब्रुवारी १९९७ ला त्या गेल्या. त्यांच्या नावानं मुक्तांगण 'संघर्ष सन्मान' पुरस्कार देतं.

अशा वळणावर बहुतेक संस्था बसतात. चालवणारा गेला की फोटोला हार आणि कामाला उतरती कळा, हे आपल्याकडे इतक्यांदा घडलंय की नियमच म्हणावा. मुक्तांगण बसलं नाही याचं एक कारण मुक्ता पुणतांबेकर. अवचटांची थोरली मुलगी, मानसशास्त्र शिकलेली, विशीतच या कामात आलेली. आईच्या खुर्चीत मुलगी बसली म्हणून घराणेशाहीचा आक्षेप कुणी घेऊ शकेल. पण ही खुर्ची ज्यांनी जवळून पाहिलीय ते तो घेणार नाहीत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तोवर काम करणारे बहुतेक लोक त्याच घरात बरे झालेले होते. संस्था बंद पडली तर त्यांचा रोजगार जाईल हे खरंच, पण त्यांचं सोबर राहणंही धोक्यात येईल. दुसऱ्याला सांभाळताना माणूस स्वतः सांभाळला जातो. अशी संस्था सहजी कोसळत नाही.

पुढच्या वर्षांत येरवड्यातच मोहनवाडीला स्वतःची इमारत झाली. 'मुक्तांगण मित्र' हा न्यास, ठिकठिकाणची पाठपुरावा केंद्रं, केंद्र सरकारनं पश्चिम भारतासाठी सोपवलेलं प्रशिक्षणाचं काम, शाळा-कॉलेजांतली व्याख्यानं आणि पथनाट्यं, हा सगळा विस्तार झाला. तो भराभर सांगून टाकतो, कारण इमारतीच्या गोष्टी सगळ्या सारख्याच असतात. बायकांच्या व्यसनासाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग निघाला, तो मात्र सारख्या गोष्टींत बसत नाही. पुरुष प्याला तर बिचारा, बाई प्यायली तर बाजारबसवी, असं मानणाऱ्या समाजात तिला आणून सोडायला घरचे पुढं येतच नाहीत. तिच्या आजारावरचं पहिलं औषध गुप्तता हेच असतं.

दरम्यान पुण्याभोवतालचा मुलूख पालटत होता. मुळशी तालुक्याचंच घ्या. १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, कारण जमीन जाणार होती. शतक सरता सरता जमीन पुन्हा जाऊ लागली, या खेपेला पैसे घेऊन. हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या. पलीकडे वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी दासवे इथं लवासा नावाचं इटालियन रंगाचं शहर उभं राहिलं. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं त्याचं काम थांबवण्याची नोटीस दिली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. भाताच्या खाचरांचे एकरकमी पैसे हातात आलेल्या घरांत काय काय झालं? त्याच साली आलेल्या 'मुळशी पॅटर्न' या सिनेमानं जमीन गमावलेल्या बापाचा मुलगा कुठल्या वाटेला लागतो ते दाखवलं आणि तालुक्यातल्या लोकांनी ते ओळखीचं म्हणून पाहिलं. बंगला, गाडी, ढाबा, बाटली हा क्रम आमच्या बाजूच्या गावांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शनिवारी संध्याकाळी लवासाच्या घाटात गाडी थांबवली तर कठड्याखाली काचांचा खच दिसतो. त्यातल्या निम्म्या बाटल्या हिंजवडीच्या पगारातल्या असतील आणि निम्म्या खाचराच्या. गर्द लांबून आलं होतं. याला कुणी तस्कर लागला नाही.

मग पडदे आले. मोबाइलवर रात्र रात्र खेळणारी मुलं आईबाप येरवड्याला आणू लागले, तेव्हा हे व्यसन म्हणायचं का यावर तज्ज्ञांतही दुमत होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये संगणकी खेळांच्या आहारी जाण्याला आजारांच्या यादीत घेतलं. आईबापांना त्या यादीची गरज नव्हती. त्यांची तक्रार १९८५ चीच होती : पोरगा जेवत नाही. ताट खोलीच्या दाराशी ठेवलं तरी तसंच परत येतं.

कोविडात टाळेबंदीनं दारूची दुकानं बंद झाली तेव्हा काही घरांत पहिल्यांदाच कोण किती पितो ते उघड झालं. मे २०२० मध्ये दुकानं उघडली त्या दिवशीच्या रांगा सगळ्या देशानं दूरचित्रवाणीवर पाहिल्या. अवचट २७ जानेवारी २०२२ ला गेले. पस्तीस वर्षांपूर्वी एका पोराच्या मागोमाग अड्ड्यावर गेलेला माणूस गेला तेव्हा त्याला 'बाबा' म्हणणारे राज्यभर पसरलेले होते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतून एक बातमी आली. तिथल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या सर्वांत मोठ्या संस्थेनं, नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशननं, वर्षानुवर्षांची मदत-दूरध्वनी सेवा बंद करायचं जाहीर केलं. ती चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांनी नुकतीच आपली संघटना बांधली होती. सेवेच्या जागी संगणकाचं बोलणारं यंत्र राहणार होतं. मे २०२३ च्या अखेरीला लोकांनी दाखवून दिलं की ते यंत्र उष्मांक मोजण्याचे आणि वजन घटवण्याचे सल्ले देत होतं. ज्या माणसाचा आजारच वजन घटवण्याचा आहे त्याला! संस्थेला ते घाईघाईनं बंद करावं लागलं. त्या फोनवर बसणाऱ्यांत स्वतः हा विकार भोगलेलेही होते. समोरची मुलगी 'मी आज नीट जेवले' असं ज्या आवाजात सांगते, त्या आवाजातलं खोटं त्यांना ओळखता येत असे. आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या गटात नवा माणूस 'मी आता पूर्ण सोडली' म्हणतो तेव्हा मागच्या रांगेतला कुणीतरी जुना माणूस हलकेच हसतो. ते हसू कुठल्या यंत्राला शिकवणार?

आणि व्यसन नि खाण्याचे विकार या दोन आजारांमधली भिंत आता तशीही पातळ होत चाललीय. गर्दनंतर शहरांत एमडी आलं, म्हणजे मेफेड्रॉन. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारनं त्याला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, तोवर ते बिनधास्त विकलं जात होतं. हे उत्तेजक आहे. झोप उडते आणि भूक मरते. बारीक व्हायचं म्हणून पहिली चिमूट घेतलेल्या कॉलेजकन्यांच्या हकिगती मुंबईच्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्या. विवाहमंडळाच्या वहीत 'सडपातळ' हा रकाना भरणाऱ्या समाजात विकणाऱ्याला वेगळी जाहिरात करावी लागत नाही. अशी मुलगी समुपदेशकासमोर बसली तर तिचा आजार कोणता लिहायचा, पुडीचा की ताटाचा?

१९८५ चं गर्द येताना तीन देशांच्या सीमा ओलांडून आलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रॉनचा प्रचंड साठा पकडला तो दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत. माल तिथंच, एका कारखान्यात बनत होता. मोहनवाडीहून सोलापूर रस्त्यानं गेलं तर ते ठिकाण दीड-दोन तासांवर आहे.